व्हिनेगर, टॉर्च आणि एक मिनिट

पर्वतीपायथा (रवि, सकाळी १०:१५)

मागच्या आठवड्यात पाककृतीच्या धाग्यावर ‘तुम्ही व्हिनेगर कशाकशाला वापरता’ असा प्रश्न आला होता. मी लिहिलं, ‘कॅन्सर शोधायला’. तिघीचौघींनी हसरे चेहरे टाकले आणि एकीने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, सगळं बरं आहे ना. बरं आहे. चेष्टा नव्हती, म्हणून हा वेगळा धागा.

मी बावीस वर्षं स्टाफ नर्स होते. निवृत्तीनंतर पर्वतीच्या उतारावरच्या वस्त्यांमध्ये एका छोट्या गटाबरोबर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करते, आणि त्याहून जास्त वेळ नव्या नर्सताईंना ती शिकवण्यात जातो. कागदावर नाव लांबलचक आहे, आम्ही सगळ्या ‘व्हाया’ म्हणतो. बाईला टेबलावर घ्यायचं, स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं साधन) लावायचं, टॉर्चच्या उजेडात गर्भाशयाचं तोंड नीट दिसेपर्यंत बघायचं, चिकट स्राव पुसून घ्यायचा, पाच टक्क्यांच्या ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवलेला बोळा तिथे धरायचा आणि एक मिनिट थांबायचं. पेशी बिघडायला लागल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. तो डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेक वेळा त्याच्या आधीची पायरी. हा कॅन्सर घडवणारा एचपीव्ही विषाणू ठाण मांडून बसल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. एवढी उसंत देणारे कॅन्सर थोडेच. तरी २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखावर बायकांना तो झाला आणि ८० हजारांच्या आसपास गेल्या. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं की ही तपासणी आयुष्यात कधी केलीय का, तर शंभरात दोघीसुद्धा ‘हो’ म्हणाल्या नाहीत.

हे वस्तीत होऊ शकतं का, याचं उत्तर मुंबईने कधीच दिलंय. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून तिथल्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायका घेऊन अभ्यास केला. तपासणी कुणी केली? डॉक्टरांनी नाही. त्याच भागातल्या, दहावी झालेल्या बायकांना चार आठवडे शिकवलं, त्यांनी केली. दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. जिथे तपासणी झाली तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

म्हणजे सामान फुटकळ आहे. अडतं ते शिकवण्यावर, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पहिल्या दिवशी मी स्पेक्युलमला हात लावू देत नाही. प्रत्येक ताईने टेबलावर झोपायचं, पूर्ण कपड्यात, पाय वर घेऊन, पाच मिनिटं. बाकीच्या आत-बाहेर करतात, पडदा हलतो, कुणी फोनवर बोलतं. मागच्या तुकडीत एक चांगली धीट मुलगी तिसऱ्या मिनिटाला उठून बसली. म्हणाली, “मॅडम, कळलं.” त्यानंतर तिला ‘पडदा नीट लाव, चादर गुडघ्यापर्यंत घे, हात लावायच्या आधी सांग’ हे एकदाही सांगावं लागलं नाही.

दुसरं, ते एक मिनिट. सगळ्या वीस-पंचवीस सेकंदांत बोळा काढतात. शिबिरात बाहेर रांग, आत उकाडा, बाई अवघडलेली, आपलं मन आपोआप घाई करतं. पण डाग कधीकधी पंचेचाळीसाव्या सेकंदाला वर येतो. मी भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ लावते आणि मोठ्याने आकडे मोजायला लावते. बाईलाही बरं वाटतं, कधी संपणार ते कळतं.

तिसरा डोळा. (शंकराचा नव्हे.) पांढरं दिसलं की पॉझिटिव्ह असं नसतं. जंक्शन म्हणून एक रेषा असते, जिथे आतलं लालसर आणि बाहेरचं गुलाबी अस्तर भेटतं. डाग त्या रेषेला चिकटलेला, दाट आणि ठळक कडेचा हवा. नवशिक्या ताईला साध्या पाणगाठी, शेंबडासारखा स्राव, जंतुसंसर्गाचे विखुरलेले ठिपके, सगळंच पांढरं दिसतं. पहिल्या आठवड्यात निम्म्या बायका पॉझिटिव्ह निघतात, तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. दोन्ही वेळा तिला परत बसवायचं, फोटो दाखवायचे, आपण बघायचं, तिला बघू द्यायचं. आणि सहा महिन्यांनी पुन्हा. एकदा प्रमाणपत्र दिलं आणि सोडून दिलं की डोळा हळूहळू सरकतो, माझाही सरकतो.

(घरी प्रयोग करू नका. मूळ ॲसिड फार तीव्र असतं, पाच मिली घेऊन पंच्याण्णव मिली पाण्यात मिसळावं लागतं, तेही त्याच दिवशी. तसंच लावलं तर भाजतं.)

भाकरवडी (रवि, ११:०२)

माहितीपूर्ण. पण स्पष्ट विचारतो, राग नको. माझ्या बायकोची पॅप टेस्ट डेक्कनच्या डॉक्टरीण बाई करतात, गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी खरवडून घेतात, त्यांची स्लाइड लॅबला जाते, छापील रिपोर्ट येतो. वस्तीतल्या बायकांना मात्र व्हिनेगर आणि टॉर्च. गरिबांसाठी गरीब टेस्ट, असं नाही का हे?

निळीशाई (रवि, ११:४०)

भाकरवडी, प्रश्न रास्त आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पॅपची स्लाइड वाचायला तरबेज माणूस लागतो आणि तो रोज सराव असलेला लागतो. रिपोर्टला कधी आठवडा, कधी तीन. तुमच्या सौ. ना फोन येतो आणि त्या गाडी काढून जातात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला रिपोर्ट घ्यायला एक खाडा, डॉक्टरला दाखवायला दुसरा, पुढच्या तपासणीला तिसरा. आमच्याकडे न नेलेल्या रिपोर्टांचा एक खोका आहे. त्यातले काही वाईट असतात. फोन नंबर एक तर बंद, नाहीतर नवऱ्याचा.

व्हायाचा निकाल बाई टेबलावरून उतरायच्या आत हातात असतो. एकट्या त्या गुणासाठी मी तिला उजवी म्हणेन.

दुर्बीण (रवि, दुपारी १:१५)

थोडी भर, थोडा विरोध.

मुंबईचा आकडा बरोबर. पण आपल्याच मराठवाड्यातला दुसरा मोठा अभ्यास धागाकर्तीने वगळला. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आता धाराशिव. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका. गावांचे चार गट पाडले: एचपीव्ही चाचणी, पॅप, व्हाया आणि चौथ्यात नेहमीचं जे असेल ते. निकाल २००९ मध्ये आले. फक्त एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. पॅप आणि व्हायाच्या गटात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही २०२१ पासून एचपीव्ही चाचणीच आधी करा म्हणते, तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. तिचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, पडद्यामागे, कुणी न बघता. तेव्हा व्हाया म्हणजे शेवटचा शब्द नव्हे.

आणि एक कडू गोष्ट. या दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या हजारो बायकांना तपासणी दिली नव्हती, मुंबईत नुसती माहिती दिली. त्यावर पुढे नैतिकतेचा मोठा वाद झाला. ‘तपासणी नाही हीच इथली नेहमीची सेवा’ असं समर्थन होतं. खरं होतं, तेच तर लाजिरवाणं. ३१ टक्के म्हणताना हेही लक्षात असू द्या.

पर्वतीपायथा (रवि, ३:५०)

दुर्बीण, मान्य, दोन्ही मुद्दे. उस्मानाबादचं मुद्दाम टाळलं नव्हतं, टंकायला कंटाळले.

पण त्या गावांत नमुने घेतले कुणी? शिकवलेल्या एएनएमनीच, म्हणजे आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंनीच. एचपीव्ही चाचणी आली तरी पॉझिटिव्ह बाईचं पुढे काय करायचं हे ठरवायला कुणीतरी आत बघावंच लागतं. डाग किती मोठा, पूर्ण दिसतोय का, आतल्या नळीत शिरलाय का. सगळं दिसत असेल आणि कॅन्सरची शंका नसेल तर तिथल्या तिथे थर्मल ॲब्लेशन, म्हणजे उष्णतेने तो डाग जाळणं, करता येतं, शंभर अंशांची सळई अर्धा मिनिट, भूल नाही, टाका नाही. दिसत नसेल तर मोठ्या दवाखान्यात. हा निर्णय यंत्र घेत नाही.

शिवाय व्हायाची मर्यादा: पाळी गेल्यावर जंक्शन आत सरकतं, दिसतच नाही. पन्नाशीपुढच्या बायकांना मी एचपीव्ही किंवा पॅपसाठीच पाठवते. ‘काही दिसलं नाही’ आणि ‘काही नाही’ यातला फरक ताईंच्या डोक्यात बसवणं हे माझं निम्मं काम आहे.

आशा_हडपसर (रवि, रात्री ९:२०)

मी आशा सेविका आहे. लिहिण्यात चुका झाल्यास माफ करा, मोबाइलवरून लिहिते.

आमच्याकडे तिशीवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरायचा असतो. बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनाचा आणि पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. बीपी-शुगरला बायका येतात. पिशवीचं नाव काढलं की ‘मला काय नाय झालं’. सासू म्हणते ‘तिला काय रोग हाय का?’ आणि खरं सांगू, दोन वर्षं मी स्वतःच केली नव्हती. लाज वाटायची. मग ताईंनी (आमच्या सिस्टर) मला आधी टेबलावर घेतलं. आता मी गल्लीत सांगते, ‘मी केली, डिलिव्हरीपेक्षा सोपं आहे, एक ते साठ मोजायचं’. तेव्हापासून येतात.

दुसरी भीती पिशवी काढतील याची. आमच्या वस्तीत बीडकडच्या पुष्कळ जणी आहेत.

पर्वतीपायथा (रवि, ९:४५)

आशाताई, काही माफी वगैरे नको, तुम्ही सगळ्यात उपयोगाचं लिहिलंत. एक ते साठ उचलतेय.

दुर्बीण (रवि, १०:१०)

बीडची भीती हवेतली नाही. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांची पाहणी झाली, ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींना अंगावरून पांढरं जातंय एवढ्यावर ‘कॅन्सर होईल’ असं घाबरवलेलं. ज्या शब्दाने एकदा ऑपरेशन टेबलावर नेलं, तोच शब्द घेऊन आपण परत जातोय. ती विश्वास का ठेवेल?

निळीशाई (रवि, १०:२५)

+१. आणि अंगावरून पांढरं जाणं म्हणजे बहुतेक वेळा साधा संसर्ग. गोळ्यांनी बरा होतो.

कात्रजचा_बोगदा (सोम, सकाळी ७:३०)

रात्री वाचला धागा, झोप लागली नाही.

आई गेली याने. पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली होती आणि तिला डाग दिसायला लागले. आमच्याकडे कुणाला बोलली नाही, मुलगाच आहे, काय सांगणार. मावशीला सांगितलं, मावशीने मला. मी नेलं एका डॉक्टरांकडे. त्यांनी गोळ्या दिल्या, ‘उष्णता आहे’ म्हणाले. दर महिन्याला जायचो, दर महिन्याला गोळ्या. आठ महिने. एकदाही आतून तपासलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मलाही तो विषय नकोच होता. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. उपचाराचा खर्च महात्मा फुले योजनेतून झाला, पैशांनी अडलं नाही. वेळेने अडलं.

डॉक्टरांवर बरीच वर्षं राग होता. वर वाचलं की शिकवण्यावर अडतं. खरं असेल.

भाकरवडी (सोम, ८:०५)

बोगदा, वाईट वाटलं रे. वरचा माझा सूर जरा दीडशहाणपणाचा होता.

पर्वतीपायथा (सोम, ९:००)

दादा, पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी आतून तपासायचंच, हे आम्हाला पहिल्या वर्षात शिकवतात. संबंधानंतर रक्त गेलं तरीही तसंच. त्यांनी तपासलं नाही ही चूकच. तुमच्याकडे ती येत नाही.

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी आहे. तिथल्या लोकांनी सुरुवातीला तपासणी-बिपासणी काही नाही, नुसतं गावोगाव फिरून सांगितलं, ही लक्षणं दिसली तर या. तेवढ्यानेसुद्धा बायका आधीच्या टप्प्यात यायला लागल्या. मावशीने तुम्हाला सांगितलं ते याच जातीचं काम.

माझंही एक सांगते, पोटात बरीच वर्षं आहे. नोकरीत असताना एका शिबिरात आम्ही साठ-सत्तर बायका तपासल्या. गणेश मंडळाचं शेड, कोपऱ्यात ढोल रचलेले, दोन बाकं जोडून टेबल, पडदा म्हणजे कुणाच्या तरी घरची चादर. पाच पॉझिटिव्ह. पाचही जणींना चिठ्ठी दिली, पुढच्या सोमवारी अमुक दवाखान्यात जा. फोटो निघाले, हारतुरे झाले. तीन महिन्यांनी मी सहज चौकशी केली, तर एकच पोचली होती. एकीची चिठ्ठी धुण्यात गेली, एकीला केसपेपरच्या रांगेतून ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं, दोघी सापडल्याच नाहीत, खोली बदलून गेलेल्या. मी चिठ्ठीवर त्यांचा पत्ताही लिहून घेतला नव्हता. त्या दोघी अजून आठवतात, एकीच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या.

आता आम्ही उपचाराची सोय नसेल त्या दिवशी तपासणीच ठेवत नाही. आणि शिबिर सकाळी अकराला नाही. अकराला या बायका लोकांच्या स्वयंपाकघरात असतात. दुपारी साडेतीन ते सहा.

तळ्यातमळ्यात (सोम, ११:३०)

मुलगी तेरा वर्षांची आहे. एचपीव्हीची लस द्यावी का? आपल्या सीरमची आली आहे ना? सोसायटीच्या ग्रुपवर ‘मुलींवर प्रयोग चाललेत’ म्हणून फिरतंय.

दुर्बीण (सोम, दुपारी १२:१०)

हो, सर्व्हाव्हॅक, जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली, तेव्हा एका डोसची किंमत दोन हजार होती. ९ ते १४ वयाला दोन डोस, पुढे २६ पर्यंत तीन. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्क्यांमागे एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोन प्रकार असतात, ते तिच्यात आहेत.

‘प्रयोग’वरून आठवलं. २००९ मध्ये दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघायला भारतात नऊ ठिकाणी अभ्यास सुरू झाला, त्यात पुणे आणि बार्शीही होतं. पुढच्याच वर्षी आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्या एका प्रकल्पावरून वादळ उठलं आणि सरकारने या लसीचे सगळे अभ्यास थांबवले. त्यामुळे हजारो मुलींचा एकच डोस झाला, पुढचे राहिले. त्यांच्याकडे दहा वर्षं लक्ष ठेवलं, तर एका डोसवरही १६ आणि १८ पासून जवळपास तेवढंच संरक्षण दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये एक डोसही चालेल म्हटलं, त्यामागे ही अपघाताने हाती आलेली माहितीही होती. तुम्ही बालरोगतज्ज्ञांशी बोला, पण द्या.

निळीशाई (सोम, १२:३०)

आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी राहतेच. बाकीचे प्रकार उरतात.

अवांतर: एचआयव्ही असलेल्या बायकांना हा धोका सुमारे सहापट. त्यांची तपासणी पंचविशीपासून आणि लवकर लवकर. पुण्यात ‘प्रयास’ या संस्थेने त्यांच्यासाठी बरंच काम केलंय.

कात्रजचा_बोगदा (सोम, रात्री ९:५०)

आमच्याकडे कामाला मावशी येतात, पंचेचाळीसच्या आहेत. आज चहा देताना सांगितलं त्यांना. शब्द जुळेनात, शेवटी म्हटलं, माझी आई ज्याने गेली त्याची तपासणी असते. त्या म्हणाल्या, “बाई बघती का बाप्या?” धागाकर्त्या, काय सांगू?

पर्वतीपायथा (सोम, १०:०५)

बाईच. मीच असेन बहुतेक. शुक्रवारी, साडेतीननंतर. जुना सैलसर परकर नेसून यायला सांगा, आदल्या दिवशी काही लावून-धुऊन यायचं नाही. पत्ता व्यनि करते.

कात्रजचा_बोगदा (सोम, १०:२०)

विचारलं फोन करून. त्या म्हणतात शुक्रवारी पाळी आली तर?

पर्वतीपायथा (सोम, १०:२२)

मग पुढच्या शुक्रवारी. आणि या वेळी मला त्यांचा पत्ता पाठवा.